मूळपुरुषाचे पुराण

कुलकथा लिहावयास बसलेल्या मनुष्याची समजूत अशी असते की, आपण इतिहास लिहीत आहोत. पुष्कळदा तो लिहीत असतो एक निवाडपत्र, आणि त्यातील निवाडा दौतीत लेखणी बुडविण्यापूर्वीच झालेला असतो. आपले घराणे थोर, हा तो निवाडा. त्यास पोषक तेवढे दाखले दप्तरातून काढावयाचे आणि उरलेले दप्तर पूर्ववत बांधून ठेवावयाचे, एवढेच काम मग शिल्लक राहते. ह्या रीतीचा एक ठळक नमुना दक्षिण आफ्रिकेत सापडतो. केप प्रांतातील गोऱ्या घराण्यांपैकी ज्यांची आडनावे फ्रेंच आहेत, ती आपला वंश ह्यूगेनॉटांपासून, म्हणजे धर्मासाठी देशत्याग केलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांपासून सांगतात, आणि तो शोधण्याचा तेथे मोठा षोक आहे. हा वंशशोध आज ज्या रीतीने होतो, ती रीत खोटी आहे, असे माझे म्हणणे आहे. ती खोटी कागदपत्रे रचते असे मी म्हणत नाही. खऱ्या कागदपत्रांतून खोटी कथा रचते, एवढेच म्हणतो. आणि हा दोष अधिक वाईट.

प्रथम त्या कथेला तिचे योग्य ते माप देऊ. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ साली नान्त येथील फर्मानाने प्रॉटेस्टंट प्रजेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती. चौदाव्या लुईने १६८५ साली ते फर्मान रद्द केले. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, पाद्र्यांना हद्दपार केले गेले, मुले सक्तीने कॅथलिक पंथात घेतली जाऊ लागली. आणि देश सोडण्याची बंदी असतानाही दीड ते दोन लाख लोक सरहद्दी ओलांडून हॉलंड, इंग्लंड, जर्मनी येथे गेले. त्यांपैकी दीडदोनशे माणसांची एक लहानशी तुकडी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८-८९ ह्या काळात आपल्या गलबतांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेली. 'ओस्टरलांड', 'फोरस्खोटन' अशी त्या गलबतांची नावे आजही तेथील घराघरांत पाठ आहेत. प्रवास फुकट आणि कसता येईल तेवढी जमीन, असा करार होता. ह्या लोकांनी सोसलेला छळ खरा, त्यांची निष्ठा खरी आणि त्यांचे कष्टही खरे. त्यांच्यावर दगड टाकण्याचे मला कारण नाही. माझा वाद त्यांच्या पणतूंच्या लेखणीशी आहे.

ह्या लेखणीचे आद्यपीठ म्हणजे क्रिस्टोफेल कूट्झी डी व्हिलियर्स यांनी जुळविलेली केपच्या जुन्या घराण्यांची वंशनोंद. ती त्यांच्या मृत्यूनंतर इतिहासकार थील यांच्या देखरेखीखाली १८९३-९४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, आणि पुढे कोर्नेलिस पामा यांनी ती सुधारून वाढविली. ग्रंथ श्रमाचा आहे, ह्यात वाद नाही. परंतु त्याची मांडणी पाहा. आफ्रिकेत प्रथम पाऊल ठेवणारा जो पुरुष, तो मूळपुरुष. त्याला रोमन वर्णमालेचे पहिले अक्षर. त्याच्या मुलांना दुसरे अक्षर व त्यापुढे अनुक्रमांक, नातवंडांना तिसरे, याप्रमाणे वंश खाली उतरत जातो. मूळपुरुषाच्या पत्नीला अक्षर नाही. ती त्याच्या ओळीत नुसती 'विवाह' ह्या शब्दापुढे उभी राहते. मुलीला अक्षर मिळते, पण लग्नाच्या दिवशी तिची शाखा ह्या पानावरून तुटते; तिची मुले पाहावयाची असल्यास दुसऱ्या आडनावाचे पान उघडावे लागते. आपल्याकडील वंशावळींची सवय असलेल्या वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. उलट, स्वाभाविक वाटेल, आणि म्हणूनच तिच्यातील फसवणूक ध्यानात येणार नाही.

फसवणूक साध्या गणिताची आहे. प्रत्येक मनुष्याला दोन जन्मदाते, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहाव्या पिढीला ही संख्या १,०२४ होते. लहानशा वसाहतीत एकच मनुष्य अनेक जागी पुन्हा पुन्हा येतो, ही गोष्ट जमेस धरली तरी जागा तेवढ्याच राहतात. आता १६८८ पासून आजपर्यंत सुमारे अकरा पिढ्या झाल्या. म्हणजे आज जो गृहस्थ स्वतःला डी व्हिलियर्स किंवा द्यू त्वा म्हणवितो, त्याचे आडनाव ह्या हजाराहून अधिक जागांपैकी बरोबर एका जागेवरून आलेले आहे. त्या एका जागेचे चरित्र लिहावयाचे, तिच्या गावचे चर्च शोधण्यासाठी फ्रान्सची यात्रा करावयाची, तिचे कुलचिन्ह दिवाणखान्यात टांगावयाचे आणि बाकीच्या हजार जागांवर पडदा टाकावयाचा; ह्याला वंशशोध म्हणावयाचे असेल तर एका झाडाच्या एकाच मुळीला वनस्पतिशास्त्र म्हणण्यास हरकत नाही.

बरे, त्या एका मुळीतून तरी काय आले? फ्रेंच भाषा? कंपनीच्या धोरणाने ती दोन पिढ्यांत मावळली. १७०१ साली हॉलंडमधील अधिकाऱ्यांचा स्पष्ट हुकूम आला की, पाद्री डच बोलणारा असावा आणि मुलांना डचच शिकवावी. नावेसुद्धा मूळ रूपात राहिली नाहीत. व्हियाँचे फिल्यून झाले, पिनारचे पीनार झाले, क्रोनिएचा उच्चार डच जिभेवर बसला. मग रक्त? जे. ए. हेसे ह्या अभ्यासकाने १६५७ ते १८६७ पर्यंतच्या विवाहांच्या व बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासून आफ्रिकानेर समाजाच्या उत्पत्तीवर १९७१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबाप्रमाणे ह्या समाजात डच आणि जर्मन अंश प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश, फ्रेंच अंश तेरा-चौदा टक्के. आणि त्याच हिशेबात आणखी एक आकडा होता. सुमारे सात टक्के अंश युरोपियन नव्हता. हा आकडा ज्यांच्या अंगावर पाल पडावी तसा पडला, त्यांच्याच कुलकथांविषयी मी बोलत आहे.

हे सात टक्के आले कोठून? उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. यान फान रीबेक याने १६५२ साली केपला कंपनीचे ठाणे घातले, आणि १६५८ साली दासांनी भरलेली पहिली गलबते तेथे लागली. तेव्हापासून १८०८ साली बाहेरून दास आणण्याचा व्यापार बंद होईपर्यंत सुमारे ६३ हजार माणसे त्या बंदरात दास म्हणून उतरविली गेली. रॉबर्ट शेल ह्या इतिहासकाराच्या गणनेप्रमाणे त्यांतील सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानातून गेला होता. बंगाल, मलबार, कोरोमांडल येथील माणसे कंपनीच्या व्यापारात मिरी आणि कापडाच्या गासड्यांबरोबर जात होती. त्यांची मूळ नावे पुसली गेली. दप्तरात उरली ती 'बंगालची अमुक', 'मलबारचा तमुक', 'किनाऱ्यावरची अमकी' अशी नावे. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळात ह्या दासांची संख्या केपमधील मुक्त वसाहतकऱ्यांहून अधिक होती. ज्या वसाहतीत आरंभी पुरुष पुष्कळ आणि गोऱ्या स्त्रिया थोड्या, तेथे घरे कोणाच्या बळावर उभी राहिली असतील, हे प्रौढ वाचकाला सांगावयास नको.

एक उदाहरण देतो. बंगालची आंजेला ही फान रीबेकच्या घरची बटीक. केप सोडताना, १६६२ साली, त्याने ती आब्राहाम गाब्बेमा ह्या कंपनीच्या अधिकाऱ्याला विकली. १६६६ साली ती मुक्त झाली आणि १६६९ साली आर्नोल्डस बासोन ह्या युरोपियन गृहस्थाशी तिचे रीतसर लग्न लागले. बासोन घराण्याची ती मूळमाता. आणि तिची आधीची मुलगी आना ही ओलोफ बेर्ग ह्या स्वीडिश सरदाराची पत्नी होऊन अखेरीस कॉन्स्टॅन्शिया ह्या विख्यात द्राक्षमळ्याची धनीण झाली. दुसरी क्रोतोआ. ही त्याच भूमीची, खोईखोई जमातीची; फान रीबेकची दुभाषी. १६६४ साली पीटर फान मेरहॉफ ह्या डॅनिश शस्त्रवैद्याशी तिचा विवाह झाला आणि १६७४ साली तिचा अंत झाला. तिच्या मुलीपासून झायमान घराण्याची शाखा विस्तारली. ह्यूगेनॉट बहुधा बायकामुलांसह आले, त्यामुळे त्यांच्या पहिल्या पिढीच्या पानावर अशा स्त्रिया क्वचित दिसतात. परंतु त्यांच्या मुलानातवंडांनी सोयरिकी केल्या त्या आधीपासून वसलेल्या डच-जर्मन घराण्यांशी, आणि त्या घराण्यांत ह्या आज्या अगोदरच नांदून गेल्या होत्या. म्हणजे ज्या दाराने त्या ह्यूगेनॉट कुळात आल्या, ते दार नेमके लेकीसुनांचे. आणि वंशनोंदीच्या पद्धतीत बंद असते ते हेच दार. मूळपुरुषाच्या अक्षरामागे धावणाऱ्या संशोधकाला त्या भेटत नाहीत, ह्यात नवल कसले?

ह्या प्रकरणातील दैवाचा विनोदही पाहण्यासारखा आहे. ह्यूगेनॉटांना जमिनी वाटून देणारा केपचा अधिपती सिमोन फान डेर स्टेल. त्याची आजी मोनिका ही दास्यातून मुक्त झालेली हिंदुस्थानी स्त्री. गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका ह्या नावाने ती ओळखली जाते. ज्या ड्राकेनस्टाइन खोऱ्यात त्या जमिनी होत्या, त्याचे नाव पडले हेंड्रिक फान रेडे ह्या कंपनीच्या सर्वाधिकाऱ्यावरून. कारण तो ड्राकेनस्टाइनचा जहागीरदार. हा तोच फान रेडे, ज्याने मलबारात असताना तेथील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला, ज्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या कोचीनच्या वैद्यांचे कोंकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे, आणि ज्याची कबर आजही सुरतेस उभी आहे. १६८५ साली, म्हणजे नान्तचे फर्मान रद्द झाले त्याच वर्षी, तो केपला उतरला. कंपनीच्या दासगृहात गोऱ्या बापांची मुले त्याने पाहिली आणि निर्बंध घातला की, गोऱ्याने शुद्ध दासवंशाच्या स्त्रीशी विवाह करू नये. मिश्र संततीच्या स्त्रीशी केल्यास चालेल. ज्या मनुष्याने मलबारच्या झाडापाल्याची नावे चारचार लिपींत काळजीपूर्वक नोंदविली, त्याच्या कंपनीने त्याच किनाऱ्यावरच्या माणसांची नावे मात्र टिकविली नाहीत.

आता पूर्वपक्ष घेऊ. पहिला आक्षेप असा की, दासींचे दाखले मिळत नाहीत. मिळाले असते तर आम्ही आनंदाने लिहिले असते. हे म्हणणे टिकत नाही. ज्या वस्तूची खरेदीविक्री होते, तिची नोंद व्यापारी कंपनी जीव लावून ठेवते. केपच्या दप्तरखान्यात विक्रीखते आहेत, त्यांत दासीचे वय, तिचा देश, तिची किंमत आहे. मुक्तिपत्रे आहेत, मृत्युपत्रे आहेत, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. हेसे यांनी आपले आकडे ह्याच प्रकारच्या कागदांतून काढले. फ्रान्समधील एखाद्या खेड्यातला पूर्वज धुंडाळून काढण्याची ज्यांची चिकाटी, त्यांना आपल्याच शहरातील विक्रीखत दिसू नये, ह्याला दप्तराचा दोष म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा घरगुती छंद आहे, त्यात परक्याने नाक का खुपसावे? घरगुती राहिला असता तर कोणी खुपसलेही नसते. पण इतिहास काय सांगतो? ह्यूगेनॉटांच्या आगमनास १९३८ साली अडीचशे वर्षे झाली. त्या निमित्ताने फ्रान्सहूक येथे भव्य स्मारक योजले गेले आणि १९४८ साली त्याचे उद्घाटन झाले. तीन कमानी, आणि पुढे एक स्त्री. तिच्या एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. ज्या खोऱ्यातील द्राक्षमळे दीडशे वर्षे दासांच्या हातांनी फुलले, जेथे दास्य १८३४ पर्यंत कायद्याने चालू होते, तेथे ही साखळी मालकांच्या मुक्ततेची खूण म्हणून उभारली गेली! त्याच वर्षी डॅनियल मालान यांचा पक्ष सत्तेवर आला. मालान हे आडनावही ह्याच फ्रेंच आश्रितांचे. १९४९ साली गोऱ्यांचे इतरांशी विवाह बेकायदा ठरले. १९५० साली प्रत्येक मनुष्याची वंशवार नोंद करण्याचा कायदा झाला.

ह्या दुसऱ्या कायद्याची एक मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. गोरा कोण, हे ठरविताना त्याने मुख्य कसोटी पूर्वजांची ठेवली नव्हती. जो दिसण्यात गोरा आणि लोकांत गोरा म्हणून मानला जातो तो गोरा, असा त्याचा आशय होता. जातिशुद्धीसाठी केलेल्या कायद्याने रक्ताची कसोटी का टाळावी? जुन्या घराण्यांची पाने उलटली तर काय हाती लागेल, ह्याचा विचार केला म्हणजे उत्तर आपोआप मिळते. 'लोकांत मानला जातो' ही प्रतिष्ठा आकाशातून पडत नाही. ती मूळपुरुषाच्या पुराणांनी, कुलचिन्हांनी आणि स्मारकांनी पिढ्यान्पिढ्या पोसलेली असते. आणि ज्याचे पुराण दिसण्याशी जुळले नाही त्याचे काय झाले? गोरे म्हणून नोंदलेल्या आईबापांच्या एका दहा वर्षांच्या मुलीला १९६६ साली, तिचा वर्ण सावळा आणि केस कुरळे म्हणून, पोलिसांकरवी शाळेतून बाहेर काढण्यात आले आणि सरकारी वहीत तिची जात बदलण्यात आली. आईबाप गोरे, सख्खी मुलगी 'रंगीत'! कोण्या विस्मृत आजीने तीनशे वर्षांनी त्या मुलीच्या चेहऱ्यावर आपली सही केली, एवढाच तिचा अपराध. ज्या छंदाच्या पोटी असे कायदे प्रतिष्ठा पावतात, त्याला घरगुती म्हणता येईल काय?

तिसरा आक्षेप आकड्यांचा. सात टक्के म्हणजे कितीसे? शंभरात सात. आम्ही त्र्याण्णव टक्के युरोपियन आहोत, हे तर तुम्हीही मान्य करता. होय, मान्य करतो. परंतु मग हिशेब सर्वांना सारखा लावा. तेरा-चौदा टक्के फ्रेंच अंशासाठी स्मारक उभे राहते, संग्रहालय उभे राहते, दरसाल उत्सव होतात; आणि त्याच्या निम्म्या अंशासाठी एक तळटीपही मिळत नाही. हे प्रमाण कोणत्या गणितात बसते? शिवाय हा अंश दोनचार बदनाम घराण्यांपुरता असता तर गोष्ट वेगळी. २०२० साली ७७ आफ्रिकानेर व्यक्तींच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत आफ्रिकी व आशियाई अंशाची सरासरी ४.७ टक्के भरली, आणि तो अंश बहुतेकांत पसरलेला आढळला. एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांचेच घ्या. आडनाव फ्रेंच 'ल क्लर्क'चे डच रूप, वंश ह्यूगेनॉट, पक्ष जातिभेदाचे कायदे करणारा. आणि आपल्या पूर्वजांत सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवरचा एक हिंदुस्थानी पूर्वज आहे, हे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, १९९१ साली, वंशवार नोंदीचा तो कायदा रद्द झाला. आपली कुलकथा त्यांनी पुरी सांगितली म्हणून त्यांचे घराणे लहान झाले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

येथे एक इशारा आपल्या बाजूच्या मंडळींनाही देणे प्राप्त आहे. हा वृत्तांत कानी पडताच आपल्यापैकी कित्येकांची छाती फुगते. पाहा, गोऱ्यांच्या धमन्यांत आमच्या बंगालचे, आमच्या मलबारचे रक्त! ही फुशारकी म्हणजे त्याच पुराणाचा उलटा अध्याय होय. आंजेलाला ज्यांनी गलबतावर चढविले, त्यांच्या हाती तिला विकणारे हात ह्याच देशातले असले पाहिजेत. तेव्हा तिच्या कॉन्स्टॅन्शियाच्या वाट्यात मिरविण्यापूर्वी तिच्या विक्रीखतातला आपला वाटाही उचलावा लागेल. आणि बाजारात हल्ली लाळेच्या थेंबावरून पूर्वजांचे टक्के काढून देणारे जे दुकानदार आहेत, ते तर मूळपुरुषाच्या जागी नकाशाचे रंगीत तुकडे विकतात. टक्क्यांनी माणसाची आजी सापडत नाही. आजी सापडते ती नावाने, तारखेने आणि कागदाने.

मग वंशशोध करूच नये काय? करावा, पण तो करावयाचा तर चार गोष्टी पाळाव्या. प्रत्येक पिढीत पतीइतकीच पत्नीलाही जागा व अक्षर द्यावे, आणि लेकीची शाखा लग्नाच्या मांडवात तोडू नये. पूर्वजाने काय सोसले हे लिहिताना त्याने कोणाला काय सोसावयास लावले, तेही त्याच पानावर लिहावे. ज्याच्या घरी दास होते त्याच्या मालमत्तेच्या यादीत द्राक्षवेलींच्या आणि पिपांच्या संख्येबरोबर दासांची नावे द्यावी. जमिनीचे पत्र छापताना ती जमीन त्यापूर्वी कोणाच्या गुरांचे कुरण होती, ते सांगावे. कारण ड्राकेनस्टाइनचे खोरे ओस नव्हते, तेथे खोईखोई आपली खिल्लारे चारीत होते. आणि चौथी गोष्ट ही की, कागद जेथे आपल्या इच्छेविरुद्ध बोलू लागेल तेथे वही मिटू नये. १६८८ साली जे ड्राकेनस्टाइनला पोहोचले, ते एका राजाने त्यांचे नाव आपल्या प्रजेतून खोडले म्हणून तेथवर आले होते. त्यांच्या वंशजांनी तरी, नाव खोडले जाण्याचे दुःख काय असते हे विसरून, आपल्याच आज्यांची नावे खोडू नयेत, एवढे मागणे अवाजवी नाही. फ्रान्सहूकच्या स्मारकातील स्त्रीला कोणीही नाव दिलेले नाही. केपच्या दप्तरात मात्र नावे आहेत, किंमतीसह आहेत, आणि ती वाचावयास कोणी येण्याची वाट पाहत पडलेली आहेत.